वाट पाहण्याची दुरुस्ती

औलूत डिसेंबरात दुपारी अडीचलाच दिवे लागतात.
इर्मेली हापासारी पडद्यावरचा आलेख मोठा करते:
शहाण्णव कोअर,
आणि शंभरातले एकसष्ट क्षण
कोणीच काही करत नाही.
झोपलेलंही नाही कोणी.
सगळे जागे, दाराशी उभे,
एकाच कडीला हात लावून बघणारे,
झालं का? झालं का?

घोडं इथे पेंड खातंय.

त्यांना झोपवता येत नाही.
कर्नलमधलं हे दार उघडून मिटतं
तेवढ्यात पापणीही लवत नाही;
झोपून उठण्यातच जास्त वेळ जाईल.
म्हणून जागच्या जागी गिरक्या.
आणि प्रत्येक गिरकीत
मेमरीतली ती एक ओळ, चौसष्ट बाइटांची,
एकाच्या हातातून दुसऱ्याने ओढायची,
दुसऱ्याच्या, तिसऱ्याने.
ज्याचं आतलं काम संपलंय
त्यालाच बाहेर यायला वाट नाही,
विचारणाऱ्यांची एवढी रेटारेटी.

आधी ती गिरकीत एक ‘पॉज’ घालते.
काहीच न करणारी सूचना,
प्रोसेसरला फक्त म्हणते, दमानं.
एकसष्टचे सत्तावन्न.
मग चिठ्ठ्या, औषधांच्या दुकानात असतात तशा:
घ्या नंबर, आपला आला की पुढे व्हा.
न्याय झाला. वेग नाही.
फलकावर आकडा बदलला एक
की पंचाण्णव माना वळायच्या.

रविवारी गोठलेल्या समुद्रावर
ताइस्तोमामाबरोबर मासे धरायला.
पाच माणसं, बर्फाला पाच भोकं,
आणि गिरमिट एकच.
भोक पुन्हा गोठू लागलं तरी
कोणी कोणाकडे मागत नाही.
बादली पालथी घालून बसायचं,
डोळा आपल्या भोकावर, आपल्याच दोरीवर.
ज्याचं झालं तो उठतो,
बर्फ करकरत पुढच्यापर्यंत जातो
आणि गिरमिट त्याच्या पायाशी ठेवतो.
बोलत नाही.
इर्मेलीला त्या दिवशी एकही मासा मिळाला नाही.
दोरी ओढली गेली तेव्हा तिचं लक्षच नव्हतं.

सोमवार. प्रत्येकाला आपली ओळ,
आपल्या ओळीवर आपला डोळा,
आणि निघताना मागच्याला तेवढं सांगून जायचं.
आलेख बावीसवर येतो.
तिथून हलत नाही.

बुधवारी, कॉफीचा पाचवा पेला,
तिला सुचतं की आपण इतके दिवस
रांगच सरळ करत बसलो.
आत गेलेला माणूस आत करतो काय?
दोन पॉइंटर जोडतो. ठीक.
आणि मग एक आकडा एकाने वाढवतो.
कशासाठी?
सगळा कोड पालथा घातला,
तो आकडा वाचणारं कोणी नाही.
सोळा वर्षांपूर्वीची ओळ. खाली अक्षरं, ओ. ला.

ओइवा लाम्पेला आता केमीला असतो, निवृत्त.
फोनवर बराच वेळ नुसता श्वास.
“मी वाचायचो,” तो म्हणतो.
“रात्रपाळीला. ती जुनी यंत्रं मध्येच गोठायची,
पडद्यावर कळायचं नाही काही.
आकडा हलताना दिसला
की मी जेवायचा डबा उघडायचो.”
पुन्हा श्वास.
“काढ. आता कशाला तो.”
आणि ती ठेवणार इतक्यात,
“किती झालाय, तेवढं सांग.”

ती वाचून दाखवू लागते, डावीकडून.
कोटींपर्यंत नीट येते.
पुढचे अंक ओठांवर येईपर्यंत जुने होतात.
“असू दे,” तो म्हणतो. “हलतोय ना.”

एक ओळ खोडली. बावीसचे नऊ.
बदलासोबतच्या संदेशात ती लिहिते:
गणक काढला, वापरात नाही.
खोडते.
गणक काढला, वाचणारा आता तिथे बसत नाही.
हेही खोडते.
खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी
एकच रस्ता पुन्हा पुन्हा साफ करतेय.
रिकाम्या चौकटीत कर्सर
लुकलुकतो, थांबतो, लुकलुकतो,
झालं का?
झालं का?